वारा पाठीशी होता

मेणाची दाढ वितळली ती पॉलिशवाल्याच्या एका वाक्यामुळे. दंतवैद्यांना दात आणि कवळ्या घडवून देणाऱ्या त्या लहानशा कारखान्यात तो आणि पॉलिशवाला बरीच वर्षं शेजारी शेजारी बसत होते. त्याने मेणात दात कोरायचे आणि पॉलिशवाल्याने शेवटी त्यांना चकाकी आणायची. दुपारच्या चहाला पॉलिशवाला मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "घ्या! तुमच्या गावाला आता थेट विमान. चौदा तास. मधे उतरायचं नाही, बदलायचं नाही. बसलात की पोचलात." हे ऐकलं आणि त्याच्या हातातली तापलेली सुरी दाढेवर क्षणभर जास्त टेकली. एक कोपरा ओघळून साच्यावर सांडला. एरवी अशी चूक त्याच्या हातून होत नसे. त्याने सुरी बाजूला ठेवली, बोट चोखलं आणि उगीचच विचारलं, "कधीपासून?" पॉलिशवाला म्हणाला, "झालं की सुरू. तुम्हाला आनंद नाही झाला?" झाला, झाला, असं तो म्हणाला. पण त्याला खरोखर जे वाटलं ते सांगण्यासारखं नव्हतं. बस गर्दीची असावी, आपण उतरावं आणि खिशाला हात लावल्यावर लक्षात यावं की काहीतरी गेलंय, पण काय ते आठवू नये, तसं त्याला वाटलं होतं.

कारण इतकी वर्षं त्याचं गाव दोन दिवसांवर होतं. कुणी विचारलं की तो तसंच सांगायचा. मैल नाही, तास नाही, दोन दिवस. एक विमान, मग मधला विमानतळ, तिथे अख्खा दिवस काढायचा, मग दुसरं विमान. लोक हळहळायचे. तोही हळहळल्यासारखं करायचा, पण त्या मधल्या विमानतळावर त्याचा जीव होता हे त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं. तिथे उंच काचेजवळ एक लांबलचक बाक होता. फरशी पुसणारा माणूस इतक्या सावकाश जायचा, की तो परत येईपर्यंत उन्हाचा पट्टा बाकाखालून सरकून पलीकडे गेलेला असायचा. तिथलं घड्याळ त्याच्या घरचंही नव्हतं आणि आईच्या घरचंही नव्हतं. आपण नक्की किती वाजता भुकेलेलो आहोत हे तिथे कळायचं नाही. पहिल्या काही तासांत कवळ्या, साचे, हप्ते, गळका नळ हे सगळं एकेक करून अंगावरून उतरायचं. मग केव्हातरी तो तिथल्या न्हाणीघरात दाढी करायचा आणि आरशात बघताना आईच्या बोलण्यातले शब्द आपोआप तोंडात यायचे. 'आलास का रे ढब्या', 'केवढा वाळलास', 'हात धू आधी'. बाकावर बसायचा तो कवळीवाला आणि उठायचा तो ढब्या. हे रूपांतर घाईत होत नसे. त्याला वेळ लागायचा, आणि तो वेळ तिकिटातच धरलेला होता. आता तो कुणीतरी कापून टाकला होता.

त्याची आई विमानतळावर अनाउन्सर होती. कुठलं विमान कुठे निघालंय, कुणी कुठल्या दाराशी जायचं, हे सांगणारा बाईचा आवाज असतो ना, तो त्याच्या आईचा होता. तिथे तिला नावाने कुणी ओळखत नसे. सगळे तिला 'आवाज' म्हणायचे. ती रजेवर असली की 'आज आवाज नाही', आणि कामावर येऊन खुर्चीत टेकली की सामान चढवणारे हमाल एकमेकांना ओरडून सांगायचे, 'आवाज बसला रे!' हा विनोद तिने रोज ऐकला असेल, आणि रोज हसली. वडील तो अगदी लहान असतानाच गेले होते, त्यामुळे शाळा सुटली की त्याला दुसरीकडे कुठे ठेवायची सोय नव्हती. तो आईच्या काचेच्या खोलीत कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गृहपाठ करायचा. खोलीत गरम यंत्रांचा आणि लवंगेचा वास असायचा. आई माइकचं बटण दाबायच्या आधी एक घोट कोमट पाणी प्यायची, मान ताठ करायची, आणि तिच्या तोंडून एकदम दुसरीच बाई बोलायला लागायची. त्या बाईला दूरदूरच्या शहरांची नावं अशी सहज यायची, जशी शेजारपाजारच्यांची. बटण सुटलं की ती पुन्हा आई. "नाक पूस," म्हणायची.

घरी मात्र ती बोलायची नाही. आवाज जपायला हवा. घरात सगळा कारभार टाळ्यांवर चालायचा. एक टाळी म्हणजे जेवायला ये, दोन म्हणजे दिवा मालव, आणि ओळीने चार म्हणजे आता मार खाशील. बोलायचीच वेळ आली तर ती खालच्या पट्टीत आणि विमानांच्या हिशेबात बोलायची, कारण दुसरं माप तिच्या डोक्यात बसतच नव्हतं. "तुझी आंघोळ म्हणजे समुद्रापलीकडचं विमान, निघालं की पोचायचं नावच नाही." "दुकानातून येतोस की दोन ठिकाणी उतरून येतोस?" तिला प्रत्येक शहराला लागणारा वेळ पाठ होता. लहानपणी त्याला वाटायचं, जग म्हणजे आईला पाठ असलेल्या वेळा, आणि त्यांच्या पलीकडे काही नाही.

तो कायमचा परदेशी निघाला त्या दिवशीही तिने रजा घेतली नव्हती. "मी रजा घेऊन काय करू? कठड्याला टेकून रडू? त्यापेक्षा कामावर असलेली बरी," असं म्हणाली होती. त्यामुळे तिला नमस्कार करायला तो काचेच्या खोलीतच गेला. ती दोन सूचनांच्या मधे होती. तिने त्याच्या कॉलरवरचा धागा काढला आणि दाराकडे बोट दाखवलं. तो रांगेत उभा राहिला, आणि वरून त्याच्या विमानाची शेवटची सूचना आली. तोच आवाज, तीच पट्टी, कुठे काही हललेलं नाही. थोड्या वेळाने ती शेवटची सूचना पुन्हा आली. नियमाने एवढंच असायचं. पण तो बोगद्यातून चालत विमानाच्या दारापर्यंत गेला तेव्हा ती तिसऱ्यांदा आली. पुढे चालणाऱ्या म्हाताऱ्याने मागे वळून विचारलं होतं, "कुणी राहिलंय का?" पुढे पुष्कळ वर्षांनी त्याने आईला फोनवर त्याबद्दल विचारलं. ती म्हणाली, "बटण अडकलं असेल," आणि लगेच हवापाण्याचं बोलायला लागली.

पॉलिशवाल्याने बातमी दिली त्याच संध्याकाळी त्याने आईला फोन लावला. वाटलं होतं, ती उडीच मारेल.

"कळलंय मला," आई म्हणाली. "चौदा तास म्हणे."

"मग? खूश नाहीस?"

"आहे की. पण माणसाने इतकं झटकन येऊ नये बाबा. दार उघडायला उठेपर्यंत तू आत."

"गुडघे दुखतात का गं?"

"गुडघ्यांचं काही काढू नकोस. हे बघ, यायचं ठरवलंस तर आधी सांग. अगदी आधी. आणि विमानात बसलास की फोन कर. विसरू नकोस."

"बरं. खोली तशीच आहे ना माझी?" हा प्रश्न तो दर फोनला विचारायचा, जसं इतर लोक तब्येत विचारतात.

"तशीच आहे," आई म्हणाली. पण म्हणायच्या आधी ती थांबली. जिने आयुष्यभर शब्दांमधल्या जागा मोजून ठेवल्या, ती नको तिथे थांबली, आणि त्या थांबण्याने त्याची झोप उडवली.

ती खोली म्हणजे तरी काय? एक लोखंडी खाट, पट्ट्यापट्ट्यांची चादर, हिरव्या काचेचा दिवा, आणि ज्याचा खण ओढला की निम्म्यात अडायचा ते टेबल. बुद्धिबळाच्या पटावर हरवलेल्या उंटाच्या जागी बाटलीचं बूच. वर्षा-दोन वर्षांनी तो जायचा तेव्हा हे सगळं जागच्या जागी असायचं. तो खाटेवर आडवा पडायचा, छताकडे बघायचा, आणि त्याला वाटायचं, आपण जे जे झालो ते सगळं एका बाजूला राहिलं आणि ही खोली मात्र आपल्याला अजून ओळखते. मागच्या खेपेला फक्त एक विचित्र गोष्ट झाली होती. टेबलाचा खण अडला नाही. लोण्यासारखा सरकत बाहेर आला. त्याला तेव्हा का कोण जाणे वाईट वाटलं होतं. आईला विचारलं तर ती म्हणाली, लाकूड आहे, आटतं कधी कधी. आता त्या थांबण्याशेजारी तो खण येऊन उभा राहिला, आणि त्याच्या मनात नाही नाही ते यायला लागलं. आई आजारी आहे. आई विसरायला लागलीय. घर विकलंय आणि सांगत नाही. कामावर त्याने एका बाईच्या सुळ्याची छटा चुकवली, दंतवैद्याचा फोन आला. शाळेत गणित शिकवणारी त्याची बायको हे आठवडाभर बघत होती. शेवटी ती म्हणाली, "जाऊन ये. इथे बसून नखं खाऊ नकोस. पूर्वी म्हणायचास लांब आहे. आता ती सबब गेली, म्हणून का असा कावराबावरा झालायस?" त्याने त्याच रात्री तिकीट काढलं. बायको गणिताची असली तरी तिचं हे बोलणं फार चुकलं नव्हतं.

विमानात बसल्या बसल्या त्याने आईला फोन केला. "साडेनऊला उतरणार ना?" तिने विचारलं, आणि 'हो' म्हणताच फोन ठेवून दिला, जणू तिचंच विमान सुटत होतं. समोरच्या पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर एक इवलंसं पांढरं विमान, मुंगीच्या पावलांनी चाललेलं. खाली उरलेलं अंतर आणि उरलेला वेळ. तो त्या आकड्यांकडे बघत राहिला. आकडे कमी होत होते, पण त्याच्या आत काहीच कमी होत नव्हतं. कवळ्या तशाच होत्या, गळका नळ तसाच. वैमानिकाने सांगितलं की वारा पाठीशी आहे, आपण वेळेच्या बरेच आधी पोचू, आणि आजूबाजूची माणसं सुखावली. केव्हातरी पडद्यावर त्या मधल्या शहराचं नाव आलं. त्याने खिडकीला नाक लावलं. खाली नुसते ढग होते, सपाट, पांढरे, आणि त्यांच्याखाली कुठेतरी तो बाक असणार, तो फरशी पुसणारा माणूस असणार, किंवा त्याच्या जागी आता दुसरा. पांढरी मुंगी त्या नावावरून पुढे गेली. अख्ख्या दिवसाचं ठिकाण चहा गार व्हायच्या आत मागे पडलं. त्याला उतरावंसं वाटलं, अगदी लहान मुलाला वाटतं तसं, पाय आपटून.

विमान तासभर आधी टेकलं. शरीर रांगेत उभं राहिलं, शिक्का मारून घेतला, बॅग उचलली. त्याच्या गावाच्या विमानतळावर आता सूचना होत नव्हत्या, सगळं पाट्यांवर दिसत होतं. इतकी माणसं आणि इतकी शांतता. टॅक्सीत बसल्यावर त्याला कळलं की आपण अजून दाढीही केलेली नाही आणि तोंडात आईचा एकही शब्द आलेला नाही. जिना चढताना मात्र पायांना पायऱ्यांची उंची आठवली. तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आतून फरशीवर काहीतरी घासल्याचा आवाज येत होता, आणि आईचा, "अगं तिरकं कर, तिरकं! असं सरळ नाही जायचं."

त्याच्या खोलीच्या दारात एक लोखंडी कपाट अडकलं होतं, अर्धं आत, अर्धं बाहेर. बाहेरच्या टोकाला आई, पदर खोचलेला, केस सुटलेले. आतल्या टोकाला बस चालवणाऱ्यांचा गणवेश घातलेली, पस्तिशीची, चांगली दणकट बाई. कपाटावरून त्या दोघीच्या दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग आईने, जिने घरात कधी आवाज चढवला नव्हता, खास कामावरच्या आवाजात ठणकावून सांगितलं, "वेळापत्रकात साडेनऊ आहे!"

"वारा पाठीशी होता, आई," तो म्हणाला.

गणवेशातली बाई फिसकन हसली. "हसू नकोस गं, कपाट पडेल," आई म्हणाली, आणि मग तिलाही हसू आलं, आणि हसता हसता ती भिंतीला टेकून खाली बसली.

त्या बाईला त्याने ओळखलं. मागच्या दोन्ही खेपांना ती शेजारची म्हणून भेटली होती. दूध घेऊन यायची, दारातूनच जायची. निघताना त्याने तिला बाजूला घेऊन सांगितलंही होतं, "आईकडे अधूनमधून लक्ष ठेवा हं, एकटीच असते." आणि ती गंभीरपणे म्हणाली होती, "ठेवते." आई तिला सारथी म्हणायची. सारथी त्या खोलीत अकरा वर्षं राहत होती.

"कामावरून निवृत्त झाले ना, त्याच आठवड्यात कळलं मला," आई खाली बसल्या बसल्याच सांगू लागली. "घरात काही सांगायला कुणीच नाही. कुणी येत नाही, कुणी जात नाही. मी भिंतींना टाळ्या वाजवायला लागले होते रे. दारात दुसऱ्याच्या चपला दिसायला हव्यात. मग हिला म्हटलं, ये राहायला."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू दर वेळी विचारायचास, खोली तशीच आहे ना. नाही म्हणायला तोंड उघडेना. आणि तसं अवघड नव्हतं. तू विमानात बसलास की दोन दिवस मिळायचे आम्हाला. दोन दिवसांत आरामात व्हायचं. हिचं सामान खाली तळमजल्यावर, ही बहिणीकडे, आणि तुझी खाट, तुझा दिवा वर. यंदा हिची रात्रपाळी, आत्ता आली ती. आणि त्यात तुझा मेला वारा."

"खण मी दुरुस्त केला," सारथी कपाटाआडून म्हणाली. "राहवलं नाही. सॉरी."

तो खोलीत डोकावला. भिंतीशी त्याची खाट अर्धी जोडलेली होती, दोन पाय लागलेले, दोन नाही. शेजारी सारथीची गादी गुंडाळून ठेवली होती. खिडकीत तिचं झाड होतं, आरशाला तिच्या टिकल्या, खिळ्याला तिचा धुतलेला दुसरा गणवेश. पटावर मात्र सगळी मोहरी मांडून झाली होती, बूचसुद्धा त्याच्या जागी. पहिली कळ रागाची होती. फसवलं मला. मी ज्या छताकडे बघत पडायचो त्याच्याखाली रोज दुसरंच कुणी झोपत होतं, आणि खोलीने मला ओळखायचं तर सोडाच, खोली माझी नव्हतीच. तो दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला. नंतर त्या रागाच्या मागून हळूहळू दुसरं काहीतरी येऊ लागलं, ओळखीच्या माणसासारखं, जिना चढत. तो त्या मधल्या बाकावर बसून कवळीवाल्याचा ढब्या होत असायचा, नेमक्या त्याच तासांत ही म्हातारी इथे दुखऱ्या गुडघ्यांनी खाटेचे पाय जोडत होती, चादरीला इस्त्री करत होती, आणि बाटलीचं ते फुटकळ बूच कुठल्या घरात ठेवायचं हे आठवत होती. तशीच ठेवलेली खोली काय, कुलूप लावलं की तशीच राहते. ही दर वेळी नव्याने मांडलेली होती. त्याला आपल्या कामातली माणसं आठवली, जी नवी कवळी बसवल्यावर जिभेने चाचपून बघतात आणि एक दिवस चाचपायचं विसरून जातात. त्याला ही खोली कधी जिभेला लागली नव्हती. इतकं चोख काम त्याच्या हातूनही क्वचितच झालं असेल.

"बाजूला हो आई," तो म्हणाला. बॅग खाली ठेवून त्याने कपाटाचं बाहेरचं टोक धरलं. "कुठे न्यायचंय?"

"बाहेर. मग खाली. तिथे तुझं टेबल येतं ना."

"टेबल खालीच राहू दे. हिचं कपाट कुठे असतं?"

सारथीने आईकडे बघितलं. आईने त्याच्याकडे बघितलं, डोळे बारीक करून, लांबच्या पाटीवरची अक्षरं लागत नसावीत तसं. "खिडकीपाशी," सारथी म्हणाली.

"चला मग. तुमच्या बाजूने उचला. तिरकं करा."

कपाट खिडकीपाशी गेलं. अर्धी खाट पुन्हा मोडली, गादी उलगडली. सारथी दोनदा म्हणाली की मी बहिणीकडे जाते, तुम्ही दमून आलात, आणि दोन्ही वेळा त्याने नाही म्हटलं. तिसऱ्यांदा म्हणायच्या आधीच ती गादीच्या कडेवर बसल्या बसल्या पेंगली. रात्रभर बस चालवलेली होती. आईने तिच्या पायातले बूट काढले, पडदा ओढला आणि दार लोटून घेतलं.

स्वयंपाकघरात आईने चहा टाकला. ओट्यापाशी दोघंच. उजेड भांड्यांवर पडला होता. तो बोलायला लागला, "आई, मला खरं तर..." आणि तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. झोपलीय ती."

त्याने आवाज खाली आणला. लहानपणी शिकला होता, त्याच पट्टीत. क्षणभर त्याला लहान मुलासारखी असूया वाटली. मग आईने स्टूल जवळ ओढलं, इतकं जवळ की तिचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागला, आणि ती कुजबुजली, "आता सांग. विमानाचं दार लागल्यापासून सगळं सांग. दार लागेपर्यंतचं मला ठाऊक असायचं. पुढे काय होतं ते कुणी मला कधी सांगितलंच नाही."

"सगळं? चौदा तास?"

"मला कुठे जायचंय?"

मग त्याने खालच्या आवाजात सुरुवात केली. दार लागलं. कानात दडे बसले. शेजारच्या खुर्चीत एक जाडा गृहस्थ होता, तो टेकायच्या आधीच घोरायला लागला. आई तोंडावर पदर धरून हसली. मधे एकदा आतल्या खोलीत सारथीने कूस बदलली, खाली काहीतरी करकरलं. दोघं गप्प झाले, कान देऊन ऐकत राहिले. मग आत पुन्हा श्वास संथ झाला, आणि आईने हाताने खूण केली, की हं, पुढे.